चिवट विषारी रसायनांनी दूषित झालेली माती कशी स्वच्छ करावी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचे जुने आवार, बंद पडलेला कीटकनाशकांचा कारखाना, मुदत संपलेल्या कीटकनाशकांची पोती वर्षानुवर्षे पडून राहिलेले गोदाम, तांबे मिळवण्यासाठी तारा जाळण्याची जागा किंवा अग्निशमनाच्या सरावाचे मैदान, अशी एखादी जमीन ज्यांच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली येते, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘ही माती कशाने साफ करायची?’ असाच असतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याची वेळ बरीच नंतर येते. विष कोणते आहे, किती खोलवर आणि कुठवर पसरले आहे आणि ते कोणाच्या शरीरात जात आहे, हे कळण्याआधी फावडे चालवले तर एका कोपऱ्यातले विष सगळ्या आवारभर होते.

प्रत्यक्ष उपचार हे अनुभवी संस्थांचे आणि परवानाधारक यंत्रणांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडूनच करून घ्यावे. मात्र काय मागायचे, काय तपासून घ्यायचे आणि कुठे ‘थांबा’ म्हणायचे हे ठरवणारी व्यक्ती, मग ती जमिनीची मालक असो, स्थानिक संस्थेतील अभियंता असो किंवा संघटनेची कार्यकर्ती असो, या विषयात बहुतेक वेळा नवखी असते. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे.

ही रसायने वेगळी का आहेत

डिझेल सांडलेली माती उलथीपालथी करून तिला ओलावा, हवा आणि खत दिले, तर काही महिन्यांत ती बऱ्यापैकी सुधारते, कारण जमिनीतले जिवाणू डिझेल खाऊ शकतात. ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी, डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान, क्लोर्डेन ही कीटकनाशके आणि क्लोरीन असलेले पदार्थ जळताना तयार होणारे डायऑक्सिन यांच्या बाबतीत तसे होत नाही. त्यांच्या रेणूंवर क्लोरीनचे अणू घट्ट बसलेले असतात आणि जिवाणूंना ते सहजी तोडता येत नाहीत. सर्वांत विषारी डायऑक्सिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टीसीडीडीचे प्रमाण निम्म्यावर यायला उघड्या पृष्ठभागावर साधारण ९ ते १५ वर्षे, तर खालच्या थरांत २५ ते १०० वर्षे लागतात असे मानले जाते. या वर्गातील रसायनांना आळा घालण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला आणि २००४ मध्ये तो लागू झाला. सुरुवातीला त्याच्या यादीत १२ रसायने होती. पुढे लिंडेन व अग्निशमनाच्या फेसातले पीएफओएस (२००९), एंडोसल्फान (२०११), पीएफओएसच्याच कुळातले पीएफओए (२०१९) अशी भर पडत गेली.

यांपैकी बहुतेक रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ती चरबीत आणि मातीतल्या सेंद्रिय अंशात विरघळतात. साफसफाईचे जवळजवळ सगळे नियम या एका गुणधर्मातून निघतात. विष मातीच्या बारीक कणांना चिकटून बहुधा वरच्या थरांतच राहते, धुळीबरोबर उडते, पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहते आणि शेवटी दूध, अंडी व मासे यांच्या चरबीत साठत जाते. याला दोन अपवाद आहेत. जिथे पीसीबीचे तेल क्लोरोबेन्झीनसारख्या द्रावकाबरोबर सांडलेले असते, तिथे ते द्रावक विषाला बरेच खोल घेऊन जाते. आणि पीएफओएस-पीएफओए यांच्या कुळातली, म्हणजे पीफास रसायने पाण्याबरोबर खुशाल प्रवास करतात, त्यामुळे तिथे मातीइतकीच काळजी भूजलाची करावी लागते. या लेखातील बऱ्याच सूचना पीफासला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी : विषाची वाट अडवणे

तपासणीचे अहवाल यायला आठवडे लागतात आणि उपचार सुरू व्हायला कधी कधी वर्षे जातात. त्या काळात विष माणसांपर्यंत पोहोचू नये यासाठीचे उपाय पहिल्या दिवसापासून करता येतात, आणि त्यांना मोठा खर्चही नसतो.

जागेला कुंपण घालून फलक लावावा. उघड्या, डाग पडलेल्या मातीवर जाड ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरून कडा वजनाने दाबाव्यात. चढाच्या बाजूला चर खणून बाहेरचे पाणी आत येण्यापासून वळवावे, आणि उताराच्या बाजूला छोटा बांध घालून आतला गाळ बाहेर जाण्यापासून रोखावा. आवारात कोंबड्या, शेळ्या किंवा गुरे फिरत असतील तर ती त्याच दिवशी बाहेर काढावीत. मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या दाणे टिपताना दिवसाला कित्येक ग्रॅम माती गिळतात आणि तिच्यातले डायऑक्सिन व पीसीबी थेट अंड्याच्या बलकात उतरतात. इतके, की जी माती माणसाला चालायला-फिरायला फारशी धोक्याची नसते, तिच्यावरच्या कोंबडीचे अंडे मात्र खाण्यालायक राहत नाही. म्हणूनच अशा जागांच्या आसपास पहिली तपासणी अनेकदा अंड्यांचीच केली जाते. गाजर-मुळ्यासारखी कंदमुळे आणि काकडी-भोपळ्याच्या कुळातली फळे अशा जमिनीत अजिबात घेऊ नयेत. झुकिनी हा भोपळ्याचा प्रकार तर डीडीटी मोडून बनणाऱ्या डीडीईसारखी रसायने मुळांवाटे ओढून फळापर्यंत नेतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे.

लहान मुलांचा विचार वेगळा करावा लागतो. ती मातीत खेळतात आणि हात तोंडात घालतात. जोखीम मोजताना एक लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत माती गिळते असे धरण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली ती त्यामुळेच. आवारात काम करणाऱ्यांनी चपला-बूट आणि कपडे तिथेच ठेवावेत. धूळ घरी गेली की विषही घरी जाते.

या टप्प्यावर तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. दूषित माती किंवा तिच्यावरचा कचरा उघड्यावर जाळू नये, कारण क्लोरीन असलेले पदार्थ अर्धवट जळले की नवे डायऑक्सिन तयार होते. जमीन नांगरू नये. आणि चांगली माती मिसळून दूषित माती ‘सौम्य’ करू नये. तसे केल्याने विषाचे एकूण वजन तसूभरही कमी होत नाही, फक्त साफ करायच्या मातीचा ढीग वाढतो. बहुतेक देशांच्या नियमांनुसारही ते चालत नाही.

दुसरी पायरी : जागेचा इतिहास

प्रयोगशाळेत पैसे घालण्याआधी माणसांशी बोलावे. जुने कामगार, पहारेकरी, शेजारी यांना पिंपे कुठे रचलेली असत, तेल कुठे ओतले जाई, पोती कुठे फुटली, आग कधी लागली होती, हे आठवत असते. जुने नकाशे, खरेदीच्या वह्या, विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेली जुनी छायाचित्रे पाहावीत. बुजवलेला खड्डा आज दिसत नसला तरी जुन्या छायाचित्रात दिसतो.

या चौकशीतून कोणत्या रसायनांची तपासणी मागायची हे ठरते, आणि इथली चूक फार महागात पडते. लिंडेनचे उदाहरण घ्या. एक टन लिंडेन बनवताना त्याच कुळातील अन्य एचसीएच समघटकांचा (अणू तेच, पण रचना वेगळी असलेल्या रेणूंचा) ८ ते १२ टन निरुपयोगी माल उरत असे आणि तो बहुतेक वेळा कारखान्याच्या आसपासच टाकला जाई. अशा जागी केवळ लिंडेनची तपासणी मागवली तर अहवाल जवळजवळ निर्दोष येऊ शकतो आणि शेजारी अल्फा व बीटा एचसीएचचा ढीग तसाच राहतो. डीडीटीबरोबर डीडीई व डीडीडी, तारा जाळल्याच्या जागी डायऑक्सिनबरोबर शिसे व अन्य जड धातू, आणि लाकडाला पेंटाक्लोरोफेनॉल लावण्याच्या जागी डायऑक्सिनही मागवावे, कारण त्या रसायनात ते अशुद्धी म्हणून असतेच.

मग एका कागदावर साधे चित्र काढावे : विषाचा उगम कुठे आहे, ते कोणत्या वाटेने जाते आणि शेवटी कोणापर्यंत पोहोचते. धूळ, ओघळ, विहीर, चारा, मुलांचे खेळणे अशी प्रत्येक वाट बाणाने दाखवावी. पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी हा कागद समोर असावा, कारण ज्या उपायाने यातला एकही बाण तुटत नाही, त्या उपायावर खर्च करण्यात अर्थ नाही.

तिसरी पायरी : मातीचे नमुने

या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग हाच आहे. प्रयोगशाळेतले यंत्र कितीही अचूक असो, त्याच्यापुढे ठेवलेली माती जागेचे खरे चित्र दाखवत नसेल तर अहवालातल्या आकड्यांना किंमत नाही. चिवट रसायने जमिनीत सारखी पसरलेली नसतात. तेल गळलेल्या जागी एका पावलावर शेकडो पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) पीसीबी आणि पुढच्या पावलावर जवळजवळ शून्य, असे सर्रास आढळते. त्यामुळे मोठ्या आवारातून दोन-चार ठिकाणची मूठभर माती उचलून काढलेला निष्कर्ष हा निव्वळ नशिबाचा भाग ठरतो.

आधी जागेचे निर्णयाच्या दृष्टीने तुकडे पाडावेत. ज्या तुकड्याबद्दल ‘हा साफ करायचा की नाही’ असा एकच निर्णय घ्यायचा आहे, तो एक घटक. तेल ओतण्याचा कोपरा, भट्टीची जागा, पोत्यांच्या फलाटाचा पायथा हे वेगळे घटक, आणि उरलेले मोकळे आवार वेगळे. प्रत्येक घटकातून ३० ते १०० ठिकाणची थोडी थोडी, सारख्या वजनाची माती ठरावीक अंतरावर घेऊन ती एकत्र करावी. याला वाढीव नमुना पद्धत म्हणता येईल. हीच सगळी प्रक्रिया नव्या ठिकाणांवरून आणखी दोनदा करावी, म्हणजे एकाच घटकाचे तीन स्वतंत्र नमुने मिळतात. तिन्हींचे आकडे जवळपास आले तर सरासरीवर विश्वास ठेवता येतो. फार वेगळे आले तर घटकात कुठे तरी विषाचा गड्डा दडलेला आहे असे समजून तो शोधावा लागतो. गड्डा शोधण्यासाठी मात्र एकत्र केलेला नमुना उपयोगाचा नाही. तिथे एकेका बिंदूचे सुटे नमुने हवेत.

खोलीचाही विचार करावा. वरचे ५ सेंटिमीटर वेगळे घ्यावेत, कारण धूळ आणि मुलांचा स्पर्श त्यांच्याशीच होतो. त्याखाली १५, ३०, ६० सेंटिमीटर असे गिरमिटाने उतरत जावे आणि सलग दोन थर स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. भोक पाडताना वरची माती खालच्या थरात पडू देऊ नये. गिरमिटाच्या पात्यावर चिकटलेला बाहेरचा पापुद्रा खरवडून टाकून आतला गाभाच घ्यावा. मातीचा रंग, वास, तेलकट चमक, राखेचा थर, विटांचे तुकडे जे दिसेल ते तिथल्या तिथे वहीत लिहावे. एका भोकाच्या भिंतीत २० सेंटिमीटरवर बोटभर जाडीचा काळा थर दिसला, तर तो एखाद्या विसरलेल्या आगीचा पुरावा असू शकतो, आणि वरखालची माती एकत्र कालवली की तो कायमचा हरवतो.

पुढच्या भोकाकडे जाण्यापूर्वी अवजार साबणाच्या पाण्याने घासावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, ॲसिटोनसारख्या द्रावकाने विसळून वाळवावे. नमुना गडद रंगाच्या काचेच्या बरणीत भरावा. झाकणाला आतून टेफ्लॉनचे अस्तर असावे. बरणी बर्फाच्या पेटीत ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी. पीफासची तपासणी असेल तर हेच उलटे करावे लागते : टेफ्लॉन अजिबात नको, पॉलिथिलीनची बाटली हवी, आणि नमुना घेणाऱ्याच्या अंगावर पाणी न शोषणाऱ्या लेपाचा रेनकोटही नको, कारण त्यातले रसायन नमुन्यात उतरू शकते. प्रत्येक बरणीवर क्रमांक, जागा, खोली, तारीख, वेळ लिहावी आणि बरणी कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची सहीनिशी नोंद ठेवावी. पुढे वाद उद्भवला तर हीच नोंद कामी येते.

प्रयोगशाळेला तीन गोष्टी आधी विचाराव्यात : आकडे कोरड्या वजनावर देणार का, मोजता येणारी किमान मात्रा किती आहे, आणि रिकामा (विष नसलेला) व दुहेरी (तोच पुन्हा मोजलेला) नमुना चालवून गुणवत्तेची खात्री देणार का. किमान मात्रा ही आपल्या साफसफाईच्या लक्ष्यापेक्षा बरीच खाली असली पाहिजे. नाही तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला अर्थ उरत नाही. पीसीबी व कीटकनाशके पीपीएममध्ये मोजली जातात. डायऑक्सिन मात्र किलोमागे नॅनोग्राममध्ये मोजावे लागते, त्यासाठी उच्च विभेदन क्षमतेचे वस्तुमान वर्णपटमापक यंत्र लागते आणि ती तपासणी बरीच महाग असते. म्हणून पीसीबीसाठी जागेवरच्या चाचणी संचाने प्राथमिक चाळणी करून मोजके नमुनेच पुढे पाठवणे शहाणपणाचे. मातीतला सेंद्रिय कर्ब, कणांचा आकार आणि ओलावा हेही त्याच वेळी मोजून घ्यावेत. यांचा खर्च थोडा असतो, पण उपचाराची पद्धत निवडताना त्यांच्यावाचून अडते.

चौथी पायरी : किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ

लक्ष्याचा आकडा जमिनीच्या पुढच्या वापरावर ठरतो. जर्मनीच्या नियमांत मातीतील डायऑक्सिनसाठी मुलांच्या खेळाच्या जागेला किलोमागे १०० नॅनोग्राम, निवासी जागेला १,००० आणि औद्योगिक जागेला १०,००० नॅनोग्राम अशा पायऱ्या ठेवल्या गेल्या. म्हणजे एकाच रसायनासाठी शंभरपट फरक. अमेरिकेत पीसीबीसाठी लोकांचा सतत वावर असलेल्या जागी १ पीपीएमपर्यंत काही अट नाही, आणि १ ते १० पीपीएम असेल तर वर आच्छादन सक्तीचे आहे. आपल्या देशाच्या पर्यावरण यंत्रणेकडे असा आकडा असेल तर तोच पाळावा. नसेल तर मघाच्या चित्रातल्या बाणांवरून तज्ज्ञाकडून जोखीम मोजून घ्यावी.

एक गफलत इथे वारंवार होते. आंतरराष्ट्रीय नियमावलीत पीसीबीसाठी ५० पीपीएमचा आकडा येतो. तो ‘याच्यावर असेल तर कचऱ्यातले विष नष्ट केलेच पाहिजे’ अशा अर्थाची सीमा आहे. ४५ पीपीएमची माती सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही, आणि कोणी तसे सांगू लागले तर ते मान्य करू नये.

पाचवी पायरी : पद्धत निवडणे

प्रत्येक प्रस्तावाला एकच प्रश्न विचारावा : यात विष नष्ट होणार आहे, अडवून ठेवले जाणार आहे, की नुसते दुसरीकडे जाणार आहे? तिन्हींना आपापली जागा आहे. मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचे काम पहिल्या प्रकारचे म्हणून विकले जाऊ नये.

आधी हिशेब मांडावा. समजा, ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आवार आहे. नमुन्यांवरून असे दिसले, की तेल ओतण्याच्या खड्ड्याभोवतीचा ६ मीटर बाय ५ मीटरचा भाग १ मीटर खोलीपर्यंत जबर दूषित आहे आणि उरलेल्या भागात वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये कमी प्रमाणात विष आहे. पहिला भाग ३० घनमीटर, म्हणजे घनमीटरमागे १.७ टन घनता धरली तर सुमारे ५१ टन. दुसरा १७१ घनमीटर, म्हणजे सुमारे २९० टन. पहिल्या ५१ टनांवर महागडा, विष नष्ट करणारा उपचार आणि उरलेल्यावर आच्छादन किंवा स्थिरीकरण (विष मातीतच घट्ट बांधून ठेवणे), असा मेळ घालता येतो. पण जेसीबीने सगळे एकत्र खरवडले, तर सुमारे ३४० टन मध्यम विषारी माती हाती येते आणि तिच्यासाठी कोणताच उपाय परवडत नाही. खोदलेली माती फुगून २० ते ३० टक्के जास्त जागा घेते, हेही साठवण आणि वाहतूक ठरवताना लक्षात ठेवावे.

विष खरोखर नष्ट करण्याचा सर्वांत सिद्ध मार्ग उष्णतेचा आहे. भट्टीत दहन करताना पीसीबीसाठी साधारण १,२०० अंश सेल्सिअस तापमान आणि त्या तापमानात किमान दोन सेकंद राहणे अशी अट अमेरिकेत घातली जाते. दुसरा प्रकार उष्ण विलगीकरणाचा : माती साधारण ३०० ते ५५० अंशांपर्यंत तापवून विषाची वाफ करायची, ती वाफ ओढून घेऊन थंड करायची किंवा पुढे जाळायची. व्हिएतनाममधील दा नांग विमानतळावर, जिथे युद्धकाळात डायऑक्सिनयुक्त तणनाशकाची साठवण व हाताळणी झाली होती, तिथे २०१२ ते २०१८ या काळात हाच मार्ग वापरला गेला. काँक्रीटच्या प्रचंड बंदिस्त चौथऱ्यात माती व गाळ भरून, आत तापक दांडे उभे करून, मातीचा कण न् कण किमान ३३५ अंशांपर्यंत तापवला गेला, आणि सुमारे ९०,००० घनमीटर मालावर उपचार झाला. या पद्धतीचे खरे मर्म मातीपेक्षा वाफेच्या व्यवस्थेत आहे. वायू २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात रेंगाळला तर डायऑक्सिन पुन्हा तयार होऊ शकते, म्हणून तो झटकन थंड करावा लागतो. ठेकेदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच : ‘वायूचे काय करता आणि धुराड्यातले डायऑक्सिन कोण मोजते?’ ओली माती तापवण्यात बहुतेक इंधन पाणी उडवण्यातच खर्च होते, त्यामुळे माती आधी छपराखाली निथळू द्यावी.

माती धुण्याच्या पद्धतीबद्दल नवख्यांच्या अपेक्षा फार असतात. तिच्यात विष नष्ट होत नाही. ते बारीक कणांत गोळा होते. वाळू आणि खडे धुऊन बाजूला काढले की ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक गाळात जवळजवळ सगळे विष उरते आणि त्या गाळावर पुढे वेगळा उपचार करावाच लागतो. मातीत वाळू-मुरूम जास्त असेल तर ही पद्धत उत्तम. चिकणमातीचा अंश साधारण तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर तिच्या नादी लागू नये.

जैविक उपचारांबद्दल मला आस्था आहे, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी स्पष्ट बोलणे गरजेचे वाटते. जास्त क्लोरीन असलेल्या पीसीबीतले काही क्लोरीन अणू प्राणवायूरहित अवस्थेत जिवाणू काढू शकतात आणि कमी क्लोरीनचे रेणू मग हवेशीर अवस्थेत मोडतात. लोहचूर्ण आणि सेंद्रिय पदार्थ मिसळून मातीला आळीपाळीने कोंदट आणि हवेशीर ठेवण्याच्या पद्धतीने काही कीटकनाशकांवर चांगला परिणाम दिसला आहे. पण डायऑक्सिन आणि जड पीसीबी यांच्यासाठी या मार्गाने ठरलेल्या मुदतीत लक्ष्य गाठण्याची हमी कोणी देत असेल, तर आपल्याच मातीवर केलेल्या लहान चाचणीचे आकडे मागावेत. त्यातही मूळ रसायन घटले एवढ्यावर समाधान मानू नये. डीडीटी घटून तेवढेच डीडीई वाढले असेल तर काहीच साधलेले नाही.

वनस्पतींनी विष शोषून घेण्याची कल्पना आकर्षक आहे, पण या रसायनांपैकी फारच थोडा अंश झाडात जातो. गवताचे दाट आवरण धूळ आणि धूप रोखते, हा त्याचा खरा उपयोग.

कोळशाने स्थिरीकरण मात्र कमी दूषित, मोठ्या क्षेत्रासाठी विचारात घेण्याजोगे आहे. मातीच्या वजनाच्या साधारण २ ते ५ टक्के सक्रिय कोळसा मिसळला की रसायने त्याला घट्ट चिकटतात आणि गांडुळे, वनस्पती व पाणी यांच्यात जाण्याचे त्यांचे प्रमाण बरेच घटते. पीफासच्या जागीही हा मार्ग वापरला जातो. एकूण विष तेवढेच राहते, त्यामुळे अहवालातला आकडा उतरत नाही. वाट तुटली की नाही हे पाझर चाचणी (मातीतून पाण्यात किती विष उतरते ते मोजणे) किंवा गांडुळांच्या चाचणीने दाखवावे लागते.

याखेरीज क्षार व उत्प्रेरकाच्या मदतीने क्लोरीन काढणे, गोळ्यांच्या चक्कीत माती दळून रासायनिक बंध तोडणे, तीव्र ऑक्सिडीकारक मिसळणे अशा पद्धती आहेत. त्या विशिष्ट परिस्थितीत चालतात आणि त्यांची निवड तज्ज्ञांवर सोडावी. कोणतीही पद्धत असो, आपल्या मातीच्या शे-दोनशे किलोंवर आधी चाचणी झाल्याशिवाय करारावर सही करू नये.

सहावी पायरी : खोदकामाचे दिवस

जागेचे तीन पट्टे आखावेत : दूषित भाग, धुण्या-बदलण्याचा मधला पट्टा, आणि स्वच्छ भाग. माणूस, अवजार किंवा वाहन मधल्या पट्ट्यात स्वच्छ झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही. कामगारांना नायट्राइलचे हातमोजे, एकदा वापरून टाकायचे अंगभर कपडे, रबरी बूट आणि धूळ व सेंद्रिय वाफ दोन्ही अडवणाऱ्या गाळणीचा चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क द्यावा. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीही अडवत नाही. दाढी असेल तर अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घट्ट बसत नाही, हे आधी सांगावे. उन्हात हा पोशाख असह्य होतो, म्हणून पाळ्या लहान ठेवाव्यात आणि पाण्याची व विश्रांतीची सोय स्वच्छ भागात करावी. ही माणसे सर्वांत जास्त विष अंगावर घेतात; त्यांना काय हाताळतो आहोत हे त्यांच्या भाषेत समजावून सांगितलेच पाहिजे.

पावसाळ्यात आणि जोराच्या वाऱ्यात खोदकाम करू नये. मातीवर बारीक फवारा मारत राहावे, पण चिखल होऊन ओघळ लागेल इतका नाही. ढीग अस्तर घातलेल्या ओट्यावर, ताडपत्रीखाली आणि वर्गवारीनुसार वेगळे ठेवावेत. ट्रकची चाके धुऊनच तो बाहेर सोडावा आणि ते पाणी साठवून कोळशाच्या गाळणीतून जाऊ द्यावे. प्रत्येक फेरीचे वजन, निघण्याची वेळ आणि पोहोचल्याची पावती जुळवावी. वाटेत कमी झालेली माती कुठे तरी भराव म्हणून पडलेली असते.

सातवी पायरी : खात्री आणि पुढची देखरेख

खड्डा बुजवण्याच्या आधी त्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने घ्यावेत. भिंतीत लक्ष्यापेक्षा जास्त आकडा आला तर त्या बाजूने आणखी खणावे आणि पुन्हा नमुने घ्यावेत. हे नमुने ठेकेदाराने न घेता स्वतंत्र व्यक्तीने घ्यावेत असा आग्रह करारातच लिहून ठेवावा. निर्णय सरासरीवर न घेता सरासरीच्या ९५ टक्के विश्वासमर्यादेच्या वरच्या टोकावर (खरी सरासरी बहुधा याहून जास्त नसेल अशा आकड्यावर) घेण्याची पद्धत सुरक्षित आहे. भरावासाठी आणलेली मातीही तपासून घ्यावी.

माती जागेवरच बंदिस्त केली असेल तर काम संपत नाही. इटलीतील सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी रासायनिक कारखान्यातून डायऑक्सिन बाहेर पडले त्या दुर्घटनेनंतर सर्वाधिक दूषित भागातली वरची माती काढून अस्तर घातलेल्या दोन मोठ्या कुंडांत पुरण्यात आली आणि त्यावर ओकचे उद्यान उभे राहिले. ते टिकले, कारण खाली काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील लव्ह कॅनॉलची कथा याच्या उलट झाली. १९४२ ते १९५३ या काळात एका कालव्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरून वर चिकणमाती टाकली गेली. १९५३ मध्ये जमीन शाळा मंडळाला दिली तेव्हा दस्तात रसायनांचा उल्लेख होता, तरीही तिथे शाळा बांधली गेली, शेजारी घरे उठली, रस्ते आणि गटारांच्या खोदाईत मातीचे झाकण फुटले, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले.

म्हणून बंदिस्त जागेचा अचूक नकाशा, त्यातील रसायनांची नावे व प्रमाण, आच्छादनाची जाडी आणि खोदाईस मनाई ही माहिती जमिनीच्या अधिकृत नोंदीत चढवून घ्यावी, आणि तिची प्रत पाणीपुरवठा, वीज, रस्ते व बांधकाम परवाना पाहणाऱ्या विभागांना द्यावी. कारण झाकण फोडणारी कुदळ बहुधा यांच्यापैकीच कोणाची तरी असते. आच्छादनाच्या तळाशी भडक रंगाची जाळी अंथरली तर खणणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो. निरीक्षण विहिरींचे पाणी पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि नंतर आकडे स्थिर असतील तर वर्षातून एकदा तपासावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि त्यापुढे वर्षातून किमान दोनदा आच्छादनावरून चालत जाऊन भेगा, खचलेल्या जागा, घुशींची बिळे आणि खोल मुळांची झाडे शोधावीत, दिसलेला दोष त्याच आठवड्यात दुरुस्त करावा आणि तारखेसह नोंदवहीत लिहावा.